हिरवी टेकडी काढून टाक

खडकी, पुणे
रविवार, २३ जुलै २००६

चि. प्रज्ञेश,

आईचा जयभीम आणि आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तू तिकडे आयर्लंडात नीट जेवतोस की नाही ते तूच जाणे. विचारलं की 'हो गं आई' म्हणतोस. गणितात नापास झाला होतास तेव्हाही 'पास झालास का' विचारल्यावर 'हो गं आई'च म्हणाला होतास.

सकाळीच तुझा फोन येऊन गेला, मग लगेच पत्र काहून, असं तुला वाटेल. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाबा फोनला चिकटून बसलेले असतात. सगळंच त्यांच्यासमोर बोलता येत नाही. ते आता झोपलेत, म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे. चुका मोजत बसू नकोस.

आधी कामाचं. तुझ्या कॉम्प्युटरात ती जुनी विंडोज होती ना, अठ्ठ्याण्णवची, ती मला परत बसवून पाहिजे. नवी नको. कशी बसवतात, कोण बसवतं, तिची चकती कुठे ठेवलीस, ते कळव.

तू तिकडून फोन करून दुकानाचा माणूस पाठवलास. त्याने डबा उघडला, जुनी डिस्क काढून मोठी घातली, एक्सपी बसवली आणि वर एक कॅमेरा चिकटवून गेला. डोळा वटारल्यासारखा दिसतो तो. मला म्हणाला, 'मावशी, आता मुलगा समोर बसल्यासारखा दिसेल.' मी म्हटलं, मुलगा समोर बसवायचा असेल तर विमानाने आणा, डब्यातून कशाला. तो हसला. मी काही हसवायला बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाबा रोजच्यासारखे आंघोळ करून आले. कॉम्प्युटरचं कव्हर काढलं, त्याची घडी घातली, बटण दाबलं. तर पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. बाबा खुर्चीसकट मागे सरकले. म्हणाले, "हे कोणाचं आहे?"

मी म्हटलं, "आपलंच आहे. नवीन करून घेतलंय."

"आपल्या इथे प्रज्ञेश असतो," म्हणाले.

तो तुझा फोटो, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा, त्यांच्या लूनावर बसून दात काढलेला. तो पडद्यावर असायचा ना. मशीन चालू झालं की आधी तू यायचास, मग बाबांचे पत्ते. दुकानाच्या माणसाने पुसायच्या आधी मला विचारलं होतं, 'आत काही महत्त्वाचं आहे का?' मी म्हटलं, काही नाही, पत्त्यांचा खेळ आहे. मला वाटलं फोटो काचेवर आहे, आणि काच तर तीच राहणार आहे. मला काय ठाऊक फोटो आत असतो म्हणून.

तेव्हापासून कटकट चालू आहे. "पोराचा कॉम्प्युटर विकलास? तो कॉलेजातून आला की काय करेल?" नवीन मशीनला हात लावत नाहीत. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी बसायचे. सगळे पत्ते चढले की पडद्यावर पत्त्यांच्या उड्या सुरू व्हायच्या आणि हे टाळी वाजवायचे. मी स्वयंपाकघरात कुरकुर करायची. आता टाळी नाही, तर मला स्वयंपाक सुचत नाही.

तू दाढीवाला फोटो पाठवला होतास, समुद्रापाशी उभा. तो लावून पाहिला. उपयोग नाही. त्याचं पुढे कधी लिहीन.

बाकी काही विशेष नाही. पाऊस आहे. मंडईत कोथिंबीर सोन्याच्या भावात आहे. परवा बाबा बसने एकटे कात्रजला जाऊन आले, डेअरीतलं श्रीखंड घरी आलं. चांगलं होतं.

मी तुला ये म्हणत नाही. तुझ्या सुट्टीचं रडगाणं मला पाठ आहे. चकती कुठे आहे तेवढं सांग, आणि ती हिरवी टेकडी आमच्या घरातून काढायची सोय कर.

तुझी,
बिनपत्त्यांचा नवरा सांभाळणारी आई


खडकी
रविवार, २० ऑगस्ट

प्रज्ञेश,

जयभीम, आशीर्वाद. पत्र मिळालं असं फोनवर म्हणालास आणि हसलास. 'आई, अठ्ठ्याण्णव आता कोण वापरतं? ती मेली कधीच.' मेलेल्याला हसू नये एवढंही कुणी शिकवलं नाही का तुला? मी तर शिकवलं होतं.

असो. चकती सापडली. माळ्यावरच्या ट्रंकेत होती, तुझ्या बारावीच्या पुस्तकांखाली. तू म्हणाला होतास तिला एक लांबलचक नंबर लागतो, तो पाकिटावर असतो. पाकीट वाळवीने खाल्लं. मी कपाळाला हात लावून बसले होते. मग मशीन पुसायला पालथं केलं तर खाली पांढऱ्या रंगात तो नंबर! बाबांनी फॅक्टरीतल्यासारखा स्टेन्सिलने रंगवून ठेवलाय. त्यांनी या घरात काय रंगवायचं सोडलंय? बादलीवर मेश्राम, डब्यावर मेश्राम, पाटावर मेश्राम. मला तेवढं सोडलंय.

आता माणूस. तुझा दुकानवाला म्हणाला, 'आम्ही पुढे नेतो, मागे नेत नाही.' फोन ठेवून दिला मी. मग खडकी बाजारात श्यामलाबाईंकडे गेले. त्यांचा पूर्वी टायपिंगचा क्लास होता, आता कॉम्प्युटरचा आहे. चष्म्यावरून बघतात आणि बोलायला लागल्या की समोरचा सुपारीसारखा कातरला जातो. मला म्हणाल्या, "अहो बाई, लोक बैलगाडी विकून मोटार घेतात. तुम्ही मोटार विकून बैलगाडी मागताय."

मी म्हटलं, "आमच्या माणसाला बैल ओळखू येतात. मोटार ओळखू येत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "कोण आहे घरात?"

मी सांगितलं. तुला जेवढं लिहिलंय त्यापेक्षा थोडं जास्त सांगितलं. परक्या बाईला सांगता येतं, काहून ते ठाऊक नाही.

त्यांनी मला समजावलं ते असं. जुनी विंडोज बसवणं अवघड नाही, चकती घालायची आणि विचारेल तिथे हो म्हणायचं. पण ती जुनी म्हणजे फारच जुनी आहे. दुकानवाल्याने जी मोठी डिस्क घातली ती हिला ओळखूच येत नाही. म्हणून आधी थोडक्या जागेत बसवायची, आणि मग तिच्या मागाहून निघालेल्या दुरुस्त्या एकावर एक लावायच्या. एक लावली की मशीन बंद करून चालू करायचं, मग दुसरी. उलटसुलट चालत नाही. मी म्हटलं, पत्ते खेळायला एवढं? तर म्हणाल्या, "पत्ते लगेच खेळता येतील. पण मधेच अडकेल, बंदच होणार नाही, निळा पडदा येईल. ते घाबरतील. लावलेल्या बऱ्या."

आणि अजून एक. कंपनीने या जुलैपासून त्या विंडोजकडे बघणं सोडलंय. आधी निघालेल्या दुरुस्त्या मिळतात, नवीन निघणार नाहीत.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे इथवर आणून देईन. पुढे काही झालं तर विचारायला कोणी नाही."

असंच काहीसं मी त्याच आठवड्यात दुसरीकडेही ऐकलं होतं. कुठे ते आता लिहीत नाही.

नवीन डिस्क आहे तर जुनी परत घाला, असं तू म्हणशील. जुनी तो माणूस घेऊन गेला. त्याला विचारलं तर म्हणतो भंगारात गेली. तू त्यात गेलास, लूनासकट.

मागच्या रविवारी फोनवर बाबा तुला 'होय साहेब, ठीक आहे साहेब' म्हणाले आणि तू खो खो हसलास. 'बाबा फॉर्मात आहेत' म्हणालास. यापुढे हसू नकोस. एवढंच लिहिते.

त्यांचं जेवण कमी झालंय. माझं वाढलंय, कारण उरलेलं मीच खाते.

आई


खडकी
१० सप्टेंबर

प्रज्ञेश बाळा,

आज मी कुणावर रागवावं ते मला कळेना म्हणून तुला लिहायला बसले. तू लांब आहेस, तुला लागणार नाही.

काल श्यामलाबाई घरी आल्या. क्लासला दांडी मारून आल्या, मी चहाला आल्या म्हणून बाबांना सांगितलं. चकती घातली. आधी सगळं पुसलं, टेकडी गेली. मी मनात म्हटलं, जा बाई एकदाची. मग काळ्या पडद्यावर अक्षरं, मग निळ्या पडद्यावर अक्षरं. बाबांनी रंगवलेला नंबर मी वाकून वाचत गेले आणि त्या टाइप करत गेल्या. इंग्रजी अक्षरं मला येतात तेवढी. त्यात एक बी होता की आठ, त्यावर आमची जुंपली. बी होता. मीच बरोबर निघाले.

आणि मग ती जुनी खूण आली पडद्यावर, ढगांवर चार रंगांची खिडकी. आणि तो आवाज! उठताना लांब सूर लावते ना ती, तो. बाबा गॅलरीत तुळशीच्या कुंडीला पाणी घालत होते. तांब्या तसाच हातात घेऊन आत आले. पाणी सांडत होतं सगळीकडे. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आला का?"

मी म्हटलं, "येऊन राहिला. बसा जरा."

बसले. पलंगाच्या कडेवर, हात गुडघ्यांवर ठेवून, इंटरव्ह्यूला आल्यासारखे. एवढे शांत बसलेले मी त्यांना महिन्यात पाहिले नव्हते.

श्यामलाबाईंनी क्लासमधून चकतीवर दुरुस्त्या भरून आणल्या होत्या. एक लावली, बंद-चालू केलं. दुसरी लावली, बंद-चालू केलं. तिसरी मोठी होती. पडद्यावर पट्टी हळूहळू भरत होती आणि खाली लिहिलं होतं, मशीन बंद करू नका. त्यांनी मला वाचून दाखवलं. "आता ही मधे थांबली तर सगळं वाया. हात लावायचा नाही कोणी." मी म्हटलं, कोण लावतंय? मी दाराला कडी लावली, मांजर आत येऊ नये म्हणून. मला मांजराची भीती होती बघ.

आणि फॅक्टरीचा भोंगा झाला.

तुझे बाबा उठले. ताठ उठले, तरुण माणसासारखे. सरळ दारामागच्या मीटरपाशी गेले आणि मेन स्विच खटकन खाली ओढला. पंखा थांबला. पट्टी गेली, पडदा काळा. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "सगळं बंद केलंय. चला, बाहेर व्हा. रांगेत."

तुला आठवत असेल ना, ते नेहमी सांगायचे. बारूद खात्यात भोंगा झाला की आधी मेन स्विच खाली, मग माणूस बाहेर. चौतीस वर्षं रोज तेच केलं त्यांनी. रिटायर झाल्यावर रोज भोंगा ऐकतात पण उठत नव्हते. कालच उठले. काहून कालच? त्या मशीनचा सूर ऐकून जुने दिवस जागे झाले असतील, श्यामलाबाई म्हणाल्या. मला वाटतं माझं नशीब जागं झालं.

मी ओरडले. खूप ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, नवीन लागलेला कामगार फोरमनकडे बघतो तसं. "चुकलं का?" म्हणाले. "भोंगा तर झाला."

श्यामलाबाई उठल्या, त्यांच्यासमोर गेल्या आणि म्हणाल्या, "बरोबर केलंत मेश्राम. नियम म्हणजे नियम." एवढी फटकळ बाई, पण तिला कळलं काय बोलायचं ते. मला पस्तीस वर्षांच्या संसारात कळलं नाही.

स्विच वर केला तर मशीन उठेना. काळा पडदा, वर कोपऱ्यात पांढरी अक्षरं, आणि एक रेघ लुकलुकत राहिली. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल म्हणाल्या. मी म्हटलं, करा. त्या म्हणाल्या, "रविवारी करू. रविवारी भोंगा नसतो." हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. मी या भोंग्याच्या तालावर भाकऱ्या थापल्यात.

तू विचारशील, डॉक्टरकडे नेलं का? नेलंय. आता झोपते.

आई


खडकी
रविवार, १२ नोव्हेंबर

माझ्या बाळा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही. कागद संपलेत.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तुझा फोन लागला नाही आणि तू दुसऱ्या दिवशी माझ्यावर चिडलास. 'दिवसभर एंगेज, कोणाशी बोलत होतीस?' कोणाशीच नाही. फोनची तार काढून कॉम्प्युटरला लावली होती. एक दुरुस्ती चकतीवर नीट आली नव्हती ती श्यामलाबाई इंटरनेटवरून ओढत होत्या. एवढं सांगितलं असतं तर तू पुन्हा हसला असतास, म्हणून 'फोन बिघडला होता' म्हटलं.

मधले रविवार हुकले होते. त्या रविवारी झालं सगळं. जुनी विंडोज बसली, दुरुस्त्या लागल्या, मोठी डिस्क तिला ओळखू यायला लागली. ट्रंकेतल्या तुझ्या पुस्तकांत लूनावरचा फोटो सापडला होता, कागदाचा. तो श्यामलाबाईंनी क्लासमध्ये मशीनखाली धरून आत घेतला आणि पडद्यावर लावला. वर एक कोपरा वाळवीने खाल्लाय, पण तिथे नुसतं झाड आहे. तू अख्खा आहेस.

बाबा आंघोळ करून आले. कव्हर काढलं, घडी घातली, बटण दाबलं. तू आलास. त्यांनी मान डोलावली, जशी हजेरी घेतात तशी. मग पत्ते लावायला बसले. दुपारी मी भाजी निवडत होते आणि टाळी ऐकू आली. मेथी तशीच टाकून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

पाच-सहा दिवस चांगले गेले. त्या दिवसांत जेवले पण नीट. दसऱ्याला विहारात धम्मदीक्षेच्या पन्नास वर्षांचा कार्यक्रम झाला होता, त्याची आठवण निघाली तर छप्पन्न सालचं सगळं सांगितलं मला. वडिलांचं बोट धरून पवनीहून कसे निघाले, नागपुरात मैदानावर धूळ किती होती, पांढरं लुगडं नेसलेल्या आजीने शिदोरीत काय बांधलं होतं. एक अक्षर चुकलं नाही. मला वाटलं, आता माणूस परत आला.

मग एका सकाळी त्यांनी कव्हर काढलं, घडी घातली, बटण दाबलं. लांब सूर लागला. तू आलास पडद्यावर, लूनावर, दात काढून. आणि ते मला म्हणाले, "हा पोरगा कोणाचा गं? चांगला आहे."

झालं. लिहून टाकलं.

आता बाकीचंही ऐक. कात्रजचं श्रीखंड मी आणलं होतं. बाबा त्या दिवशी तुझा डबा घेऊन गेले होते. सकाळी मी पोळ्या केल्या, त्यांनी आपल्या फॅक्टरीच्या डब्यात भरल्या आणि मला न सांगता निघाले. पोरगं डबा विसरलं म्हणून. तुझ्या कॉलेजला जायची बस त्यांनी बरोबर पकडली, उतरायचं मात्र कळलं नाही. शेवटच्या थांब्यावर उतरून डेअरीच्या फाटकाशी उभे राहिले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिले, प्रज्ञेश मेश्राम कोणत्या वर्गात आहे? डब्यावर नाव, फॅक्टरी आणि टोकन नंबर रंगवलेला होता म्हणून वॉचमनने फॅक्टरीत फोन केला, आणि फॅक्टरीतून घरी निरोप आला. मी गेले तेव्हा ते पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसले होते. "कॉलेज सुटलं वाटतं," म्हणाले. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून श्रीखंड घेतलं.

तुझा दाढीवाला फोटो लावला होता तेव्हा ते पडद्यासमोर उभे राहिले होते. बसलेच नाहीत. साहेबासमोर बसायचं कसं? आणि रविवारी फोनवर जो बोलतो तो त्यांच्या लेखी फॅक्टरीचा कोणी मोठा साहेब आहे. फोन ठेवला की मला सांगतात, "साहेब चांगले आहेत. तब्येत विचारतात." गंमत करत नव्हते रे. तू हसायचास तेव्हा ते रिसीव्हर हातात धरून गोंधळून जायचे, काय चुकलं म्हणून. आणि मी शेजारून तुला सांगत होते, सगळं ठीक आहे.

डॉक्टरकडे ऑगस्टमध्येच नेलं होतं. डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरने ते उजेडात धरून दाखवले, मला त्यात काय कळणार? वाळलेल्या अक्रोडासारखं काहीतरी. गोळ्या दिल्या. मी विचारलं, याने परत पहिल्यासारखं होईल का? तो म्हणाला, "परत नाही होत, आजी. आहे ते थोडं टिकवता येतं." बावन्नाव्या वर्षी मला आजी म्हणाला. दुसरा दिवस असता तर मी त्याला सांगितलं असतं.

तुला हे आधी कळवायला पाहिजे होतं, आता तू म्हणशील. कळवून तू काय केलं असतंस? तिकडे रडला असतास. इथे मी होतेच की त्यासाठी. आणि मला खरंच वाटलं होतं रे, ती जुनी विंडोज आली की सगळं जागच्या जागी येईल. श्यामलाबाई म्हणाल्या तेच खरं, इथवर आणून देता येतं. मशीन आलं इथवर. माणूस तोवर पुढे निघून गेला होता.

आता मुद्द्याचं. परवा दुपारी ते कॉम्प्युटरसमोर बसले होते. पत्ते लावत नव्हते. तो उंदीर हातात धरून नुसता चोळत होते, कशासाठी असतो ते विसरले. मला राहवेना. मी मागून गेले आणि तू म्हणायचास ना रोज, कॉलेजातून आल्यावर, बॅग पलंगाखाली ढकलून, तसंच मोठ्याने म्हटलं, "बाबा, उठा! आता माझा नंबर!"

ते उठले.

लगेच उठले. खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्ची पुसली, तुझ्यासाठी पुसायचे तशी, आधी पाठ मग बैठक. बाजूला झाले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून दाराकडे बघत उभे राहिले. मी तिथेच होते, माझ्याकडे बघितलं पण नाही. दाराकडेच. बराच वेळ. मी बसा म्हटलं तर म्हणाले, "त्याला बसू दे आधी."

तो कोण, मी विचारलं. ते सांगता येईना त्यांना.

आजवर मी तुला ये म्हटलं नाही. आता म्हणते. सुट्टी माग, नाही दिली तर भांड, भांडता येत नसेल तर तुझ्या साहेबांना माझ्याशी फोन जोडून दे. येशील तेव्हा दाढी काढून ये. तुझी ती चाकांची पेटी बाजारात श्यामलाबाईंकडे ठेवू, घरी नुसती पाठीवरची बॅग आण. आत आलास की पायाबिया पडायला जाऊ नकोस, मिठी मारू नकोस, रडशील तर मोरीत जाऊन रड, मी पण तिथेच जाते. बॅग पलंगाखाली ढकल आणि म्हण जे म्हणायचास ते. ओळखतील असं मी सांगत नाही. तुला खोटी आशा लावणार नाही, माझी लागली तेवढी पुरे. साहेब म्हणाले तर हसू नकोस.

पण उठतील.

खुर्ची पुसलेली आहे,
आई